शोध या शब्दाचा अर्थ

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, दिल्लीतल्या एका रुग्णालयात, माझ्या बहिणीनं एका कागदावर सही केली. तिच्या सहीखाली मी सही केली.

घरच्यांना ठाऊक आहे ते एवढंच. सहीच्या आधी मी तिला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. आज लिहायला बसलोय.

माझं काम काय, ते आधी सांगायला हवं. वैद्यकातलं नवं संशोधन, सरकारची आरोग्यविषयक धोरणं, हे सगळं मी सोप्या मराठीत लिहितो. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बसून, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. एखाद्या औषधाची बातमी ‘आता हा रोग बरा होणार’ अशी छापून आली, की मला राग येतो. उंदरांवर झालेला प्रयोग आणि माणसांना मिळणारा उपचार यांत किती अंतर असतं, हे मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय. शब्द जपून वापरणारा माणूस, अशी माझी थोडीफार ख्याती आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बार्शीला तिचा शिवणाचा क्लास होता, एका खोलीत सहा मशिनी. तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, शिकवलं. साठी ओलांडल्यावर तिला धाप लागू लागली. तपासण्या झाल्या, आणि फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार निघाला. आहेत ती औषधं वेग कमी करतात, मागे फिरवत नाहीत. मी तिला दिल्लीला आणलं. ज्या शहरात धडधाकट माणसं खोकतात, तिथे! पण तेही मी ‘इथे मोठे डॉक्टर आहेत’ म्हणून करून टाकलं.

ती आल्यावर आमचा एक खेळच सुरू झाला. तिची हिंदी बेताची, आणि प्रत्येक शब्द ती मराठी कानानं ऐकायची. पहिल्याच आठवड्यात एक ऑटोवाला म्हणाला, “खाली है माताजी, बैठिए.” ताई कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, “खाली कशाला बसू? वर चांगली सीट आहे की!” घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो, ती तर धाप लागेपर्यंत. मग रोज संध्याकाळी ती ऐकलेले शब्द आणायची आणि म्हणायची, “सांगा मास्तर, याचा यांच्यात काय अर्थ?” मी सांगायचो. एकही शब्द चुकवला नाही. एक सोडून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ होत्या. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही – हे मला स्पष्ट लिहायचंय. एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. त्यांनी मला इंग्रजीत सगळं सांगितलं: औषध चालतं की नाही हे अजून माहीत नाही. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी यावं लागेल. आणि वाटेल तेव्हा, कारण न देता, बाहेर पडता येईल. मग ताईकडे वळून त्या हिंदीत एकच वाक्य बोलल्या, “माताजी, यह एक शोध है.”

हिंदीत शोध म्हणजे संशोधन. चाललेलं, न संपलेलं काम. आणि आपल्याकडे? आपल्याकडे शोध लागतो. लागला, की काम झालेलं असतं.

ताईचा चेहरा मला अजून दिसतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “शोध लागला होय रे औषधाचा?”

संमतीपत्र हिंदीत आणि इंग्रजीत होतं, मराठीत नव्हतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, “आपका तो काम ही यही है, आपसे अच्छा कौन समझाएगा?” खरंच होतं ते. माझ्याहून चांगलं कोण समजावणार होतं?

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एक अक्षर. बाकीचं – दुसरी गोळी, न कळणारा निकाल, बाहेर पडायची मुभा – यातलं मी काहीच बोललो नाही. तिनं सही केली. खालच्या ओळीवर लिहिलं होतं की वरील सर्व माहिती रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितली आहे. तिथे मी सही केली.

का? कारण तिचं परतीचं तिकीट काढलेलं होतं. खंडेनवमीला तिला बार्शीला पोचायचं होतं. दरवर्षी त्या दिवशी ती मशिनींची पूजा करायची, मुली आणि त्यांच्या आया जमायच्या. या वर्षी त्या सगळ्यांसमोर ती क्लास रेहानाच्या हाती सोपवणार होती. रेहाना ही तिची सर्वांत जुनी विद्यार्थिनी, बारा वर्षं तिच्या शेजारच्या मशीनवर बसलेली. “आपल्या माणसांत बोललं की कागद लागत नाही,” ताई म्हणायची. खरं ऐकलं असतं, तर ती हसून म्हणाली असती, अरे, निम्म्या गोळ्या खोट्या, तर मी इथे कशाला बसू? आणि गेली असती. मला ती जायला नको होती. तिच्यासाठी नको होती, की माझ्यासाठी? याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

तिकीट रद्द केलं. तिनं रेहानाला फोन केला, “अगं, शोध लागलाय. आता घाई नाही. उन्हाळ्यात येते धडधाकट होऊन, मग बघू क्लासचं.”

इथवर खोटेपणा झाला. पुढे जे झालं त्याला मी क्रूरपणाच म्हणतो.

नोव्हेंबरात हवा बिघडली, खिडक्या बंद झाल्या. ताईला बाथरूमपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. एका दुपारी तिनं विचारलं, “बाकीच्यांना गुण येतो ना रे?” मी म्हणालो, “येतो.” तेव्हापासून तिनं स्वतःतच चूक शोधायला सुरुवात केली. गोळीच्या आधी चहा घेतला म्हणून असेल. मनात शंका येते म्हणून असेल. तिनं चहा सोडला. धाप लागत असताना खोलीत मोजून फेऱ्या मारू लागली. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंचा हात धरून मराठीतच म्हणाली, “माफ करा हं, तुमच्या औषधाला मी यश देत नाहीये.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “क्या कह रही हैं?” मी म्हणालो, “थँक यू कह रही हैं.”

त्याच आठवड्यात मी एक लेख लिहिला. चाचणीत भाग घेण्याआधी रुग्णानं काय विचारावं, यावर. औषध सिद्ध झालंय का, मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का, मला बाहेर पडता येईल का – सगळं नीट, सोप्या भाषेत. माझे लेख ताई चष्मा लावून वाचायची, मग घडी घालून उशीखाली ठेवायची. तो अंक मी तिला दाखवला नाही. लेख चांगला झाला होता. कोल्हापूरहून एका वाचकानं मुद्दाम कळवलं, की तुमच्यामुळे वडिलांना योग्य प्रश्न विचारता आले.

जानेवारीत ताई गेली. शुद्धीत असताना शेवटचं काय म्हणाली, ते मला लिहायचं होतं, पण ते औषधाविषयीच होतं. चाचणी अजून चालू आहे. तिला कोणती गोळी मिळत होती, हे मला माहीत नाही. कळलं तरी त्यानं काही बदलत नाही. तिचा आजार मी आणलेला नव्हता. पण उरलेले चार महिने कसे घालवायचे हे ठरवणं तिचं काम होतं. ते मी केलं, आणि तिला कळूही दिलं नाही.

बार्शीची ती खोली चुलतभावाच्या नावावर होती. क्लास रेहानाचा, असं ताई चारचौघांत कधी बोललीच नाही, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. त्यानं फेब्रुवारीत मशिनी विकल्या आणि खोली भाड्यानं दिली. तेरावं झाल्यावर रेहानानं मला एकदाच फोन केला होता. “मामा, ताईंनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला होता का?” मी म्हणालो, शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं.

रेहाना आता बार्शीत तयार कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना ड्रेस काढून दाखवते. तिला वाटतं, ताईचं मन बदललं होतं. मी तिला फोन केलेला नाही.