दिओलिंदाची हिरवी पाटी

आमच्या रस्त्यावर माणसं वर बघून चालत नाहीत. आमच्या फॉल रिव्हर गावच्या हिवाळ्यानं लावलेली ती सवय आहे. बर्फावरून पाय घसरू नये म्हणून महिनोन्‌महिने मान खाली घालून चालायचं, मग वसंत आला तरी मान तशीच राहते. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर दिओलिंदा फुर्तादोनं सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं, ते फक्त कबुतरांनी वाचलं. तिचं खरं दुकान खाली फूटपाथवर होतं. म्हणजे तिची पाटी.

दोन फळ्या वरच्या बाजूला बिजागरीनं जोडलेल्या, पाय फाकवून उभी राहणारी हिरवी पाटी. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'शिवणकाम, दुरुस्ती, कम्युनियनचे झगे' आणि खाली वर जाणारा बाण. एका बाजूला माझ्या आईची बेकरी, दुसऱ्या बाजूला अमान्सियोचं मासळीचं दुकान, आणि मध्ये दिओलिंदाच्या जिन्याचं दार. दार इतकं अरुंद, की पाटी नसती तर लोकांना ते आमच्या पिठाच्या कोठीचं वाटलं असतं. घरमालक दूर फ्लोरिडात राहायचा आणि भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही.

दिओलिंदा तरुणपणी समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावरून आली ती थेट शर्टांच्या कारखान्यात. तिथं तिनं आयुष्यभर कॉलर शिवल्या, नुसत्या कॉलर. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या बायका रडत घरी गेल्या; ही मुकादमाकडे जाऊन आपलं मशीन मागून घेऊन आली. तोवर नवरा गेला होता आणि मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात स्थिरावली होती. मागच्या खोलीत ती राहायची, पुढच्या खोलीत शिवायची. चर्चमधल्या पहिल्या प्रसादाला, म्हणजे कम्युनियनला, मुली घालतात त्या पांढऱ्या झग्यांवर तिचं वर्ष निघायचं. ईस्टरच्या आधी आया यायच्या, पाटी बघून जिना चढायच्या आणि मुलींना टेबलावर उभं करून मापं द्यायच्या.

आया सोडल्या तर रोज वर येणारं माणूस एकच, उर्बानो. दिओलिंदाच्याच गावचा. लहानपणी दोघं एकमेकांना अरे-तुरे करायची. पुढं तो तिच्या मुलीचा धर्मपिता झाला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवसापासून दोघांचं 'तुम्ही' सुरू झालं. तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोंपाद्रे. गिरणीच्या रंगखात्यात त्याची नोकरी झाली. डोळे काचबिंदूनं हळूहळू गेले, आधी कडा आणि मग मधलं. शाळा सुटायच्या सुमारास तो आमच्याकडून गोड पाव घ्यायचा आणि काठी टेकत बाहेर पडायचा. काठी पाटीच्या पायावर आपटली की टक् असा आवाज होई. ती त्याची खूण, आता उजवीकडे वळायचं. वर तो आवाज ऐकून दिओलिंदा मशीन थांबवायची आणि कॉफीचं पाणी ठेवायची. आम्हांला खाली बेकरीत टक् ऐकू यायचं आणि मग मशीन थांबलेलं कळायचं. त्यांच्यात याहून जास्त काही होतं का, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

भांडणाची सुरुवात अमान्सियोनं केली. त्यानं खारवलेल्या कॉड माशाच्या आकाराची माणसाएवढी पाटी बनवून आणली आणि दारापुढे उभी केली. माशाच्या शेपटीमागे दिओलिंदाची पाटी झाकली गेली. ती खाली येऊन म्हणाली, "अमान्सियो, तुझा मासा मागं घे." तो म्हणाला, "मावशी, मासा मागं पोहत नाही." तिनं आपली पाटी वीतभर पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी मासा पुढे आला. मग आमच्या आईनंही पावांची पाटी पुढे घेतली, समोरच्या न्हाव्यानं घेतली, प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्यानं घेतली. पाट्यांना पाय फुटले. रोज सकाळी त्या भिंतीपासून थोड्या अधिक लांब उभ्या दिसायच्या.

आमच्याच रस्त्यावरची नतेर्सिया आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून रोज प्रार्थनेला न्यायची. आता तिला माशापाशी खुर्ची फूटपाथच्या कडेवरून खाली, गाड्यांच्या रस्त्यात उतरवावी लागे. एक दिवस ती थांबली आणि सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाली, की या रस्त्यावर माशाला उभं राहायला जागा आहे, माझ्या आईला नाही. अमान्सियो दारातूनच म्हणाला, "तुझी आई मासे सुपरमार्केटातून आणते. तिथल्या फूटपाथवरून फिरव तिला." नतेर्सियानं खुर्ची पुढे ढकलली. घरी जाऊन तिनं नगरपालिकेत तक्रार केली. तिथला माणूस येऊन सांगून गेला, की आपसात ठरवा, नाहीतर सगळ्याच पाट्या उचलून नेऊ. चर्चच्या तळघरातल्या सभागृहात बैठक ठरली.

दिओलिंदाच्या झोपेचं खोबरं झालं. बाकीच्यांना काचा होत्या, काचांमागे पाव होते, मासे होते. तिला फक्त पाटी. कम्युनियनचा हंगाम तोंडावर आला होता. बैठकीआधी पाटी नीटनेटकी दिसावी म्हणून तिनं ती नव्यानं रंगवायला घेतली. हिरव्या रंगाचा डबा उघडला तेव्हा उर्बानो खुर्चीत बसलेला होता. रंगखात्यातला माणूस, त्यानं विचारलं, "कुठला हिरवा, कोमाद्रे?"

"कोबीचा."

"सूपमधल्या, की मळ्यातल्या?"

"मळ्यातल्या."

तो मान हलवून म्हणाला, की मग चांगला आहे.

रंगवलेली पाटी वाळावी म्हणून तिनं ती संध्याकाळी बाहेरच ठेवली. माशाच्या पुढे, मोकळ्या वाऱ्यावर, नेहमीपेक्षा बरीच लांब. सकाळी ती आडवी पडलेली होती. वाऱ्यानं पाडली असणार, असं म्हणून तिनं उचलली.

त्या दिवशी टक् झालं नाही. दुसऱ्या दिवशी उर्बानो एका शेजाऱ्याचा दंड धरून आला. उजव्या हाताला प्लास्टर होतं, डाव्या हातावर कोट. परवा संध्याकाळच्या प्रार्थनेहून येताना चर्चच्या पायरीवरून घसरलो, असं त्यानं सांगितलं. कोपरापाशी कोट फाटलाय, तेवढा शिवून द्या.

तो गेल्यावर दिओलिंदानं कोट दिव्याखाली धरला. चर्चच्या पायऱ्या करड्या दगडाच्या आहेत. कोपराच्या फाटलेल्या कडेला, धाग्यांच्या आतपर्यंत, मळ्यातल्या कोबीचा हिरवा रंग होता.

तिनं टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून तो डाग काढला. पूर्ण निघेपर्यंत काढला. मग कोट शिवला. हे सगळं तिनं पुढे कितीतरी दिवसांनी माझ्या आईला सांगितलं, पाव घ्यायला आली असताना, पाव हातात धरून. आईनं तिला बसायला स्टूल दिलं, पण ती बसली नाही.

बैठकीला सगळा रस्ता लोटला. नतेर्सिया बोलायला उभी राहिली. नीट बोलली. आज माझी आई गाड्यांमध्ये उतरते, उद्या कुणीतरी जिवानिशी जाईल, एवढंच तिचं म्हणणं. काही जणांनी माना डोलावल्या. नगरपालिकेचा माणूस वहीवर पेन टेकवून बसला होता. सगळ्या पाट्या जाणार, असं वाटायला लागलं. तेव्हा दिओलिंदा उभी राहिली. सार्वजनिक ठिकाणी ती कधी बोललेली कुणाला आठवत नव्हतं.

"आजवर या पाट्यांमुळे कोण पडलंय?" ती म्हणाली. "एक नाव सांगा."

तिसऱ्या रांगेत उर्बानो बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. नतेर्सियाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "उर्बानोकाका, तुमचा हात कशानं मोडला?"

त्यानं आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. "चर्चच्या पायऱ्यांनी. आता काय फादरवर खटला भरू?"

लोक हसले. अमान्सियो सगळ्यांत मोठ्यानं हसला. दिओलिंदा अजून उभीच होती. शेजारच्या बाईनं पदराला धरावं तसं तिच्या स्वेटरला धरून तिला खाली बसवलं. शेवटी ठरलं, की पाट्या राहू द्या, मात्र भिंतीला लागून. मासाही मागे गेला. दिओलिंदा जिंकली म्हणून आईनं तिला घरी जाताना एक पाव दिला. तिनं तो घेतला, पण आभार मानायचे विसरली.

त्यानंतर उर्बानो रोजचा यायचा थांबला. रागावला, असं मला वाटत नाही. काठी धरायचा हात मोडला होता आणि डाव्या हाताला रस्ता माहीत नव्हता. प्लास्टर निघालं तरी बोटं पुरती वळेनात. कॅनडाहून त्याची पुतणी फोन करायला लागली, की काका, आता एकट्यानं राहणं पुरे.

ईस्टरनंतरचे आठवडे आमच्याकडे पवित्र आत्म्याच्या मुकुटाचे. चिठ्ठ्या काढतात, ज्याचं नाव येईल त्याच्या घरी तो चांदीचा मुकुट आठवडाभर राहतो, आणि रोज संध्याकाळी सगळा रस्ता तिथं जपमाळेला जमतो. घरात मुकुट असताना मनात अढी ठेवू नये म्हणतात. त्या वर्षी एक चिठ्ठी दिओलिंदाची निघाली. वर्षानुवर्षं ती नाव घालत आली होती, ते यंदा आलं.

तिनं मशीन कोपऱ्यात ढकललं, कापायच्या टेबलाची वेदी केली, कम्युनियनच्या उरलेल्या पांढऱ्या कापडानं ती मढवली. मुकुट आणणारी मिरवणूक अरुंद दारातून नीट आत यावी म्हणून पाटी आत घेतली. मिरवणूक होऊन गेली तरी ती परत बाहेर ठेवली नाही. हंगामातला एक उशिरा राहिलेला झगा अजून शिवायला यायचा होता. आई म्हणाली, की अगं, पाटी ठेव, गिऱ्हाईक जाईल. ती म्हणाली, जाऊ दे.

त्या आठवड्यातली एक दुपार. दिओलिंदा वेदीवरची फुलं बदलत होती. खिडकीतून तिला उर्बानो दिसला. एकटाच. शिवून दिलेला कोट अंगात, ऊन असूनही. मुकुटासमोर जायचं म्हणून गळ्याशी बटण लावलेलं. काठी डाव्या हातात, अवघडून धरलेली. आमच्या बेकरीच्या दारावरून तो पुढे आला. काठी भिंतीला लावत, पुढे हवेत फिरवत, पुन्हा भिंतीला. तो पाटी शोधत होता. पाटी जिन्याखाली होती. तो तिच्या दारावरून पुढे गेला. मासळीच्या दुकानावरून गेला. न्हाव्याच्या समोरून गेला. कोपऱ्यावर जाऊन थांबला आणि तिथं उभा राहिला.

दिओलिंदा जिना उतरून धावली. अंगावर ॲप्रन, हातात सुकलेली फुलं. आई बेकरीच्या दारात होती, मीही होते. आम्ही दोघींनी तिला जाताना पाहिलं, आणि कोपरा काही लांब नाही, त्यामुळे ऐकलंही.

तो म्हणाला, "कोमाद्रे, पाटी कुठं गेली?"

"आत घेतली."

"का?"

तिनं हातातली सुकलेली फुलं ॲप्रनच्या खिशात कोंबली. मग म्हणाली, "कुणीतरी पडेल."

उर्बानोनं डावा हात पुढे केला. तिचा दंड सापडेपर्यंत तो हवेतच होता. "कोण पडलंय?" तो हळूच म्हणाला, थट्टेच्या सुरात. "एक नाव सांगा."

तिनं नाव सांगितलं नाही. त्याला दंड धरून परत आणलं, जिना चढवला. वर दोघं मुकुटासमोर बसली. जपमाळेला लोक जमले तेव्हाही ती दोघं तशीच शेजारी बसलेली होती आणि कॉफीची केटली रिकामी होती.

मुकुटाचे आठवडे संपून पेंटेकॉस्टचा सण झाल्यावर पुतणी गाडी घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना तो बेकरीत आला, पाव घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिओलिंदा गाडीपर्यंत आली आणि त्याच्या कोटाचं गळ्याचं बटण लावून परत गेली. पहिल्या बर्फाच्या सुमारास त्याची बातमी आली. तिला वेगळं असं कुणी कळवलं नव्हतं. चर्चमध्ये मृतांची नावं वाचली त्यात तिनं ऐकलं.

पाटी ती पुन्हा बाहेर ठेवू लागली, पण सकाळी नाही. शाळा सुटायच्या सुमारास घेऊन उतरायची, भिंतीला लागून उभी करायची, आणि अंधार पडायच्या आत परत न्यायची. त्या वेळेला गिऱ्हाईक फारसं येत नाही. पुढच्या वर्षी कम्युनियनचे झगे बहुतेकींनी मॉलमधून आणले. अमान्सियो आईला म्हणाला, की मावशीला धंदा कळत नाही. आईनं सुटे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

परवा मी गल्ल्यावर बसले होते. नतेर्सिया आईला घेऊन चालली होती. फूटपाथ आता रुंद आहे, पण तिचं लक्ष दुसरीकडे असावं. खुर्चीचा पाय ठेवायचा लोखंडी तुकडा पाटीच्या पायाला लागला.

टक्.

वर मशीन थांबलं.

नतेर्सिया जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. वरून काहीच आवाज आला नाही, पायांचा नाही, भांड्याचा नाही. खुर्चीतल्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं गं?" नतेर्सिया म्हणाली, "काही नाही आई." तिनं वाकून पाटी होती तशी सरळ केली आणि आवाज न करता खुर्ची पुढे नेली.

बऱ्याच वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.