नापासकाकू आणि माळ्याचा चाकू

आमच्या कारखान्यात तिला सगळे नापासकाकू म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं काकू, कारण जीव सगळ्यांनाच प्यारा. घडीच्या चाकूंची तपासणी तिच्याकडे होती. तिच्या टेबलावरून सुटलेला चाकू माझ्याकडे यायचा, खोक्यात भरायला.

तिचं काम बघत राहावं असं होतं. अंगठ्याने पातं उघडायचं. ते मध्येच अडता कामा नये आणि आपोआप घरंगळताही कामा नये. पुरतं उघडलं की मुठीतला खटका त्याच्यामागे बसतो, तो आवाज कान देऊन ऐकायचा. मग टोक चिमटीत धरून हलवून बघायचं आणि शेवटी पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर दाबायची. तिथे खटका सटकला तर उद्या तेच पातं कुणाच्या तरी बोटांवर मिटणार. केसभर ढिलेपणा सापडला की चाकू लाल ट्रेमध्ये. मग साहेब येऊन डोकं आपटो.

तिचा नवरा समोरच्याच बाकावर फिटर होता आणि लाल ट्रे सगळ्यात जास्त त्याच्याच चाकूंनी भरायचा. घरचं भांडण इथे निघतंय, असं आम्ही चिडवायचो. फिटरकाका चाकू परत न्यायचे, आतल्या चकत्या काचेच्या तुकड्यावर घासून गुळगुळीत करायचे, बिजागरीचा स्क्रू पुरता पिळायचे आणि मग अगदी नावाला मागे घ्यायचे. काकू म्हणायची, ह्यांचं पातं आधी आढेवेढे घेतं आणि शेवटी स्वतःहून जातं. आम्हाला त्या थापा वाटायच्या. एकदा सगळ्या फिटरांचे चाकू मिसळून आम्ही पैज लावली, तर बाईने डोळे मिटून नवऱ्याचे तेवढे बरोबर वेगळे काढले. काका लाजून चहाला निघून गेले.

मग एका सकाळी काका झोपेतून उठलेच नाहीत.

त्यांच्या बाकावर यंत्र आलं, सगळे स्क्रू एकसारखे पिळणारं. त्यांच्या हातचा माल विकून संपला. लाल ट्रे रिकामा राहू लागला, आणि मला वाटतं तिला तेही सोसलं नाही. मुलगा लांबच्या शहरात. तो रविवारी फोन करून जेवलीस का विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत फोन सुनेकडे देतो. मी एकदा तिच्या घरी गेले होते. दोन खोल्या, लख्ख आवरलेल्या. एकही दार कुरकुरत नव्हतं, काकांनी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून ठेवलं होतं. कोणी आलं तरी कळत नाही बघ, असं काकू म्हणाली. मग म्हणाली, येतंय तरी कोण म्हणा.

अशात एका दुपारी एक म्हातारा माळी जुना चाकू दुरुस्तीला घेऊन आला. कलम बांधताना खटका सरकतो, अशी त्याची तक्रार. काकूने सवयीने पातं उघडलं आणि तिचा हात थांबला. तिने ते मिटलं, पुन्हा उघडलं. तो कुणाच्या हातचा आहे हे मला विचारावं लागलं नाही.

बदल्यात नवाकोरा चाकू द्यायला ती तयार होती, स्वतःच्या पदरचा. माळी नको म्हणाला. याच्यावर हात बसलाय, हाच नीट करून द्या. आता आली का पंचाईत. खटक्याची पट्टी झिजली होती, चकत्या पातळ झाल्या होत्या. त्या बदलायच्या तर काकांनी बसवलेला स्क्रू काढावा लागणार, आणि तो निघाला की ते उघडणं कायमचं गेलं. न खोलता द्यावा, तर म्हाताऱ्याचं बोट जाणार.

काही दिवस चाकू तिच्या ड्रॉवरमध्येच राहिला. डबा खाऊन झाला की ती तो काढून उघडत-मिटत बसायची. ठोकळ्यावर मात्र दाबायची नाही. मला बघवेना. म्हटलं, "काकू, हरवला म्हणून सांगा त्याला. काय होतंय?"

"असा चाकू ह्यांनी माझ्याकडे पाठवला असता, तर मी काय केलं असतं?" तिने विचारलं.

उत्तर लाल ट्रेमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तो स्वतः खोलला. फिटरांना हातही लावू दिला नाही. खटक्याची नवी पट्टी बसवली, काकांच्याच काचेवर नव्या चकत्या घासल्या, स्क्रू पिळला, जरासा मागे घेतला, पातं उघडून पाहिलं. आणि पुन्हा खोलला. परत तेच. खटका पक्का बसत होता, पातं तसूभर हलत नव्हतं, दुसऱ्या कुणाचा असता तर तिने केव्हाच पास केला असता. तरी सगळी दुपार तिची खोलाखोल चालूच. शेवटी तिने हात पुसले आणि चाकू माझ्यापुढे धरला. डोळे मिटून उघड म्हणाली. मी उघडला. मला तो अगदी काकांच्या हातचा वाटला आणि मी तसं सांगितलंही. तिने तो माझ्याकडून हलकेच काढून घेतला.

संध्याकाळी माळी आला. त्याने पातं उघडलं, मिटलं, परत उघडलं. चेहरा खुलला.

"अगदी पहिल्यासारखा झालाय," तो म्हणाला.

"हो," काकू म्हणाली.

काकांचं ते उघडणं ओळखणारी आता जगात ती एकटीच उरली होती, आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उभं राहून खुशीत माना डोलवत होतो.