बद्रीनाथ कंडक्टरचा कोपऱ्यात मावणारा कॉम्प्युटर

छावणीत जाऊन बद्रीनाथ कंडक्टरचं घर विचारलंत, तर लोक घर दाखवत नाहीत. "थांबा जरा, इकडूनच जाईल आता," असं म्हणतात. एसटीत सगळी नोकरी वेरूळ-कन्नडच्या गाडीत उभ्यानं काढलेला माणूस. रिटायर झाला, पण खुर्चीला टेकला की खाली खिळे असल्यासारखा उठतो. सत्यभामाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "ह्यांना बसवायचं म्हंजी आजारीच पाडावं लागंल."

अशा माणसाला उन्हाळ्याच्या तोंडावर पोरीनं घोर लावला. अपेक्षा त्याची एकुलती एक. न बांधलेल्या इमारतींची, बांधून झाल्यासारखी चित्रं ती कॉम्प्युटरवर करते. पुण्याच्या एका ऑफिसनं तिला नोकरी दिली आणि अट घातली : ठरल्या सोमवारी घरच्या कॉम्प्युटरवर एक चित्र संध्याकाळपर्यंत करून पाठव. जमलं तर घरून काम कर, नाही जमलं तर पुण्याला येऊन राहा.

पोरीनं घरात राहावं, एवढंच बद्रीनाथला हवं होतं. पण तसं सांगितलं तर तो बद्रीनाथ कसला? गल्लीत म्हणाला, "पुण्याचं पाणी बाधतं हो तिला." शेजारच्या आशाबाईंनी नळावर लगेच हिशेब मांडला : पोर पुण्यात शिकायला गेली तेव्हा काडी होती, आली तेव्हा जुने ड्रेस मामेबहिणीला द्यावे लागले. बाधलं ते हेच का?

घर दोन खोल्यांचं. कॉम्प्युटरला जागा एकच, शिलाई मशीन आणि खिडकी यांच्या मधला कोपरा. मशीन सूतभरही हलणार नाही, हे सत्यभामाबाईनं आधीच जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे कॅबिनेट पाहिजे लहान. आणि अपेक्षाच्या कामाला ग्राफिक कार्ड पाहिजे दांडगं. इथंच घोडं अडलं.

गुलमंडीच्या पलीकडं राजकुमारचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. तिथं बद्रीनाथच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"काका, हे कार्ड झकास आहे, पण लांब आहे. ह्या डब्यात नाय बसणार."

"बसत कसं नाय? जत्रंच्या दिवशी एका गाडीत दोन गाड्यांची माणसं बसवलीत मी."

"तुमची माणसं अंग चोरत होती काका. कार्ड अंग चोरत नाय."

मग आखूड कार्ड ठरलं. घरी येऊन मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला, सकाळी पुन्हा दुकानात हजर! "त्यो सांगायलाय, आखडं कार्ड लवकर तापतं." बरं, कार्ड राहू दे, तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा ठोकळा, मोठा. लहान एसएमपीएस घेतला, तर प्रोसेसरवरचा पंखा उंच, झाकणच लागेना. बुटका पंखा घेतला, तर ह्याचं सुरू : वारं पुरंल का? मग मदरबोर्डच बदलू म्हणाला. बद्रीनाथची स्कूटर लांबून दिसली की राजकुमार दोन चहा सांगायचा, दोन्ही स्वतःसाठी.

"पप्पा, घ्या ना एकदाचं," अपेक्षा म्हणाली. "सोमवार आला."

"घाई नाय करायची बाई. उतरायच्या घाईतच लोक सामान इसरतेत."

शेवटी सगळ्या बाजूंनी जाळी असलेलं, बुटाच्या खोक्याहून जरासं मोठं कॅबिनेट ठरलं. राजकुमारनं त्यात सगळं कोंबून, तारा बांधून, चालवून दाखवलं आणि हात जोडले. शनिवारी डबा कोपऱ्यात बसला. शिलाई मशीनला धक्का नाही. सत्यभामाबाईनंसुद्धा नाक मुरडलं नाही, आता बोला!

सोमवार उजाडला तो फुफाट्यासारखा. अपेक्षानं काम लावलं. पडद्यावर इमारत एकेक मजला उजळत निघाली, डब्यातले पंखे घोंगावू लागले, आणि बद्रीनाथ दर फेरीला डब्यावर हात ठेवून जाऊ लागला.

"पप्पा, हात नका लावू."

"अंगात ताप हाये गं त्याच्या."

"काम करताना तापतोच तो. राजकुमारनं सांगितलंय ना?"

पोर आत जेवायला गेली. बद्रीनाथला तेवढंच हवं होतं. खिडकीत कूलर होता, बोरच्या पाण्यावर चालणारा. याच कूलरनं इतके उन्हाळे घर तगवलं होतं. त्यानं डबा हळूच उचलून तारा पुरतील तिथवर खिडकीच्या कट्ट्यावर सरकवला, अगदी कूलरच्या तोंडाशी, आणि पाण्याची मोटार चालू केली. थोड्या वेळानं हात लावून पाहिला. गारेगार! इतकं समाधान वाटलं त्याला, की तो चक्क खुर्चीवर बसला. बसूनच राहिला.

सत्यभामाबाई बाहेर आली ती दचकलीच. "अहो! बरं नाय का वाटत?"

तेवढ्यात डब्यातून टक्क आवाज झाला आणि पडदा काळा.

अपेक्षा स्कूटर चालवतेय, मागं बद्रीनाथ डबा पोटाशी धरून, असे दोघं भर उन्हात गुलमंडीला पोचले. राजकुमारनं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. कार्डावर बारीक थेंब, पंख्याच्या पात्यांवर पांढरी खारट साय.

"काका, कूलरसमोर ठेवला व्हता?"

"गार राहावा म्हणून..."

"गार नाय, ओला झाला त्यो. बाकीचं वाचंल, पण एसएमपीएस गेला. ह्या मापाचा दुसरा इथं नाय. पुण्याहून येतो."

पुण्याहून! बद्रीनाथनं आयुष्यात इतकी वाईट बातमी इतक्या साध्या आवाजात ऐकली नव्हती.

संध्याकाळ झाली, चित्र गेलं नाही. ऑफिसच्या बाई फोनवर गोड बोलल्या : इकडेच ये, कॉम्प्युटर घेऊन ये, भाग इथं बसवून घेऊ. पोरीनं एका शब्दानंही बापाला दोष दिला नाही, आणि त्यामुळं तो जास्तच कासावीस झाला. आशाबाईंनी मात्र तोवर गल्लीभर केलं होतं, की ह्यानं मुद्दामच पाणी मारलं.

निघायच्या दिवशी अपेक्षानं डबा चादरीत गुंडाळून खांद्याच्या पिशवीत घातला. सहज मावला. मोठा घेतला असता तर घरीच राहिला असता, हे बद्रीनाथच्या ध्यानात आलं, आणि मग त्याला दाराशी उभं राहवेना.

पुण्याच्या गाडीत तो पोरीबरोबर चढला. "सीटखाली नको, लोक पाय ठेवतेत. मांडीवर घे." कंडक्टर पोरसवदा होता. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "काका, उतरा आता."

"नगर नाक्याला उतरतो. मी पण एसटीतलाच हाये."

नाका आला नि गेला.

"पप्पा!"

"वाळूजला उतरतो गं. तिथनं लई रिक्षा हायेत."

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन समोर येऊन उभा राहिला. अपेक्षानं बापाकडं बघितलं आणि पैसे पुढं केले. "पुण्याचं द्या त्यांना. कॉम्प्युटर दुरुस्त झाला की येतील परत."

वाळूज मागं पडल्यावर बद्रीनाथनं घरी फोन लावला. "अगं, माझी भाकरी नको टाकू."

"टाकलीच नाय," सत्यभामाबाई म्हणाली. "दोन दिवस राहायचं तर राहा. पण तिच्या हापिसात पाय ठेवायचा नाय, सांगून ठेवते!"

बद्रीनाथनं घाईनं फोन ठेवला. ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं, हे तो आत्ताच पोरीला विचारून बसला होता.