रात्रपाळीची सुई

उद्या सकाळी मृणालीला प्राचार्यांच्या समोर उभं राहायचं आहे. ती खोटं बोलेल अशी भीती मला नाही. ती खरं बोलेल, आणि कोणी न विचारता सगळंच्या सगळं बोलून टाकेल, ही काळजी मला झोपू देत नाही.

मृणाली माझी मुलगी. भिवंडीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही जवळच कोन गावात राहतो. तिचे वडील ट्रक घेऊन राजस्थानकडे गेले आहेत, फोन लागला तर लागतो. त्यामुळे हो किंवा नाही, जे काय ठरवायचं ते मलाच.

लहानपणी ही अशी नव्हती. दर पावसाळ्यात एक छत्री हरवायची. शाळेतून एका पायात चप्पल घालून आलेली मी पाहिली आहे, आणि दुसरी कुठे आहे हे तिला माझ्याकडून कळायचं असायचं. नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "तुला स्वतःचा डबा आठवत नाही, लोकांची औषधं काय आठवणार?"

"औषधं आठवायची नसतात आई. वाचायची असतात."

पहिल्या वर्षानंतर तर घरातच वॉर्ड सुरू झाला. माझी रक्तदाबाची गोळी ती असेल तेव्हा तीच देते. हातात पाकीट धरून उभी राहते आणि म्हणते, "पूर्ण नाव सांगा."

"अगं, आई आहे मी तुझी."

"वॉर्डातल्या बायकाही कोणाच्या तरी आईच असतात. नाव?"

"माधवी मनोज भोईर. देतेस, की आधार कार्ड आणू?"

हसते, पण नाव घेतल्याशिवाय गोळी देत नाही. पाकीट डब्यातून काढताना वाचते, गोळी काढण्याआधी वाचते, परत ठेवताना पुन्हा वाचते. माझा धाकटा भाऊ जीवन एकदा आला होता, घसा धरला म्हणून. "अगं, मागच्या वेळच्या त्या घशाच्या गोळ्या उरल्यात ना? दे त्यातल्या दोन."

"मामा, त्या उरायलाच नको होत्या. कोर्स पूर्ण का नाही केला?"

"घ्या! गोळी मागितली तर चौकशी बसली." जीवन तेव्हा खूप हसला होता.

मागच्या महिन्यात तिची ड्युटी पुरुषांच्या वॉर्डात लागली. तिथे कासम चाचा होते. वय साठीच्या आतबाहेर, पॉवरलूमवर कापड विणण्यात आयुष्य गेलेलं, भिवंडीचेच. साखर खूप वाढली म्हणून दाखल झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा इन्सुलिन सुरू झालं. घरी जाताना सुई कशी घ्यायची हे समजावण्याचं काम वॉर्डच्या हबीबा सिस्टरनी मृणालीला दिलं. स्वतः शेजारी उभ्या राहून ऐकलं.

तिने काही म्हणता काही सोडलं नाही. बाटलीवर चाळीस लिहिलंय, तर सिरिंजही चाळीसचीच घ्यायची, लाल टोपणाची. दुकानदाराने दुसरी दिली तर परत करायची. फ्रिज नसेल तर बाटली मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवायची. सकाळी नाश्त्याआधी जास्त युनिट, रात्री जेवणाआधी कमी. मग त्यांच्याकडून सगळं म्हणवून घेतलं. चाचांनी शाळेतल्या मुलासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. त्या संध्याकाळी घरी आली ती उड्या मारतच. "आई, एक शब्द चुकला नाही त्यांचा!"

पुढचा रविवार तिच्या सुट्टीचा होता. ती खिडकीशी दात घासत होती. खाली शेजारचे पंढरी लूमवरून रात्रपाळी करून येत होते. त्यांच्या बायकोने दारातून विचारलं, "भाकर टाकू का?"

"आता न्हाय. चहा दे, झोपतो. उठल्यावं जेवीन."

मृणालीच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. तिने खिडकीतून हाक मारली, "पंढरीकाका, तुमची रात्रपाळी कधीपासून?"

"कालपासनं. शुक्कारची सुट्टी झाली का पाली बदलते न आमची."

"सगळ्या कारखान्यांची?"

"आमच्या लायनीत तरी समद्यांची. का गं, लूम चालवतेस का? ये, एक जोडी रिकामी हाय."

ती हसली नाही. तोंड धुवायला गेली आणि ओल्या हाताने फोन घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "आई, कासम चाचाही काल रात्री कामावर गेले असतील. आता सुटून आले असतील. मी त्यांना सांगितलंय सकाळी जास्त युनिट घ्यायची. ते घेणार, नुसता चहा पिणार आणि झोपणार."

मला एवढं काही कळलं नाही. तिने समजावलं. सुई जेवणाच्या भरवशावर असते. पोटात अन्न आलं नाही तर साखर खाली खाली जाते. जागा माणूस घाबरा होतो, थरथरतो, काहीतरी खातो. झोपलेला माणूस झोपलेलाच दिसतो.

"मग फोन करून सांग, घेऊ नका म्हणून. नाहीतर अर्धी घ्या म्हणावं."

"मी माझ्या मनाने डोस सांगू शकत नाही, आई."

मला तिचा रागच आला. माणसाच्या जिवाची गोष्ट आणि ही नियम सांगते! पण तोवर तिने हबीबा सिस्टरना फोन लावला होता. कोण, कुठलं औषध, काय झालं असेल, हे तिने इतक्या थोडक्या शब्दांत सांगितलं की माझा राग तिथेच थांबला. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना विचारलं. उलट फोन आला: चाचांचा फोन लागत नाही. सुई घेतली नसेल तर घेऊ देऊ नका, इकडे आणा. घेतली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी गोड द्या, मग इकडे आणा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ उचलून आणा. मृणालीने प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं आणि समोरून "बरोबर" आल्यावरच फोन ठेवला. डब्यातली साखर पिशवीत ओतली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही रिक्षात बसले. रिक्षात ती सारखी चाचांचा नंबर लावत होती.

पत्ता सिस्टरनीच दिला होता. चाचा शांतीनगरला कारखान्याच्या वरच्या माळ्यावर राहतात. खाली दिवसपाळी सुरू होती. जिन्यावर पाय ठेवला तर पायरी शिलाईच्या मशीनसारखी थरथरत होती. आम्ही एकमेकींशी ओरडून बोलत होतो. वर माणसं ओळीने झोपलेली, अंगावर घामाचे ओघळ. एक पोरगेला कामगार डोळे चोळत उठला.

"सोने दो ना दीदी. रातभर चलाके आए हैं."

"कासम चाचा कौनसे? सुई लिया क्या उन्होंने?"

"हाँ, आते ही. बोले डागदरनी ने बोला है सुबह लेने का."

चाचा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. अंगातला सदरा पिळून काढावा इतका ओला.

"इनको बहुत पसीना आ रहा है."

"यहाँ किसको नहीं आता?" तो म्हणाला. खरंच होतं ते. मी तिथे नुसती उभी होते तरी पदराने मान पुसत होते. त्या माळ्यावर घामाकडे बघून कोणाला काय शंका येणार?

मृणाली त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली. मी तिला हजारदा बसलेली पाहिली आहे, पण अशी नाही. तिचे हात घाई करत नव्हते. "कासम चाचा! पूर्ण नाव सांगा." घरातली ती थट्टा इथे अशी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी डोळे अर्धवट उघडले. "धागा तुटला," म्हणाले. "लूम बंद कर."

"नाव सांगा चाचा."

तिने पुन्हा विचारलं. मग जड जिभेने नाव आलं. तिने त्यांना टेकून बसवलं, आधी साध्या पाण्याचा एक घोट दिला आणि गळ्याकडे बघत राहिली. घोट नीट खाली गेला. मगच साखरेचं पाणी. साखर मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते नसलं तर वाट बघत बसायचं नसतं, हे तिने मला नंतर सांगितलं. आणि गिळता येत नसतं तर एक थेंबही पाजला नसता, कारण तो श्वासात गेला असता.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खालच्या खटखटीत मला माझा श्वासही ऐकू येत नव्हता. पण एक माणूस परत येताना मी पाहिला. आधी नजर आली, मग चेहऱ्यावर ओळख आली, मग बोटांची थरथर थांबली. आमच्या घरच्या डब्यातली चहाची साखर आणि एका मुलीचं डोकं, एवढ्यावर.

त्या पोराने धावत जाऊन पाव आणि चहा आणला. चाचांनी पाव बुडवून खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमची लेक हाय?"

"हो."

"सुई पन हिच्या सांगन्यावं घेतली, साखर पन हीच पाजते. एक काय ते ठरव ना बेटी!"

सगळा माळा हसला. मीही हसले. मृणाली हसली नाही.

त्यांना रुग्णालयात पोचवलं. डॉक्टरांनी त्यांच्या पाळ्या विचारून दोन्ही सुयांच्या वेळा नव्याने बसवून दिल्या. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "वाचले ना? आता विसर."

"त्यांनी माझा शब्द न् शब्द पाळला, आई," ती म्हणाली. "चुकले असते तर बरं झालं असतं. माझं ऐकलं म्हणून पडले."

मी बी.कॉम. झाले. आयुष्यात खूप बोलले. पण माझं बोलणं कोणाच्या रक्तात जाऊन उतरलं असं मला आठवत नाही. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं उतरतं. तेव्हापासून तिच्याकडे बघताना मला थोडं दबून जायला होतं.

सोमवारी वॉर्डात तिचं कौतुक झालं. कोणीतरी पेढे आणले. आणि पेढा हातात घेऊन ही बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "सिस्टर, घरी सोडताना मी त्यांना पाळी विचारली नव्हती. ते कधी जेवतात हेही नाही. चूक माझी आहे."

हबीबा सिस्टर म्हणाल्या, "मी शेजारी होते. मीही विचारलं नाही. हे वर सांगावं लागेल, माहीत आहे ना?"

"सांगा."

वर सांगितलं गेलं. उद्या प्राचार्य ठरवतील. औषधांच्या कामावरून तिला काही महिने बाजूला ठेवलं तर हजेरी भरणार नाही, आणि वर्ष जाईल. तिच्या बरोबरीच्या मुली पुढे जातील.

जीवनचा दुपारी फोन आला. "ताई, ही पोरगी येडी हाय का? हार घालायला आलेल्यांच्या हातात बेड्या दिल्या हिने."

"तिला राहवलं नाही रे."

"ऐक. तिच्या कॉलेजच्या संस्थेतला एक मानूस माझ्या चांगला ओळखीचा हाय. मी बोललोय. पोरगी घाबरली होती, काहीतरी बोलून गेली, सिस्टरने सांगितलं तेच तिने म्हातार्‍याला सांगितलं, एवढंच म्हनायचं. विषय संपला."

"म्हणजे सगळं हबीबा सिस्टरवर?"

"ती पर्मनंट हाय, तिला काय होतंय? तू फक्त हो म्हन. सकाळच्या आत कळव."

मी नाही म्हटलं नाही. "बघते," म्हटलं. वर्ष माझ्या मुलीचं जाणार आहे, मी काय करू?

संध्याकाळी पंढरी आले, हातात गोळ्यांचं पाकीट. "मृणाली, ही माजी सकालची गोली. रातपालीला कधी घिऊ?"

"मी नाही सांगू शकत काका. उद्या बाह्यरुग्ण विभागात या, मी डॉक्टरांकडे घेऊन जाते." मग मला म्हणाली, "आई, तुला माहीत आहे? हबीबा सिस्टरनी आता घरी जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली आहे. पाळी कुठली, आणि कामावरून आल्यावर पहिला घास कधी. आज एक जण म्हणाला, 'दुपारी.' त्याचीही वेळ बदलून दिली डॉक्टरांनी."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर उड्या मारत आली होती त्या संध्याकाळचा आनंद होता. मग तिने माझं नाव विचारलं, गोळी दिली, पाकीट तिसऱ्यांदा वाचलं आणि झोपायला गेली. उद्याचं तिला काही विचारावं तर ती घोरतसुद्धा होती.

आणि मी इथे बसले आहे. तिचं बोलणं मागे घेतलं तर हा प्रश्नही मागे जाईल. चूक झालीच नाही म्हटल्यावर कोण कोणाला पाळी विचारणार? त्या माळ्यावर ओळीने माणसं झोपलेली होती. कोण नुसतं झोपलंय, ते मला एकाचंही सांगता आलं नसतं.

वर्ष जाईल कदाचित. मी रडेन, तिच्यासमोर नाही.

जीवनची या आठवड्यात मानकोलीच्या गोदामात रात्रीची ड्युटी आहे. तो आत्ता जागाच असेल. त्याला सांगणार आहे, त्या माणसाला काही बोलू नकोस, पोरगी घाबरून बोललेली नाही. तो चिडेल. चिडू दे. आणि त्याची मधुमेहाची गोळी सकाळची आहे ना, ती तो हल्ली कधी घेतो आणि त्यानंतर पहिला घास कधी खातो, हेही विचारणार आहे.

फोन लावते.