दाजींचा विसावा हिस्सा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सतीश बनसोडे, दीड वर्षापूर्वी एका मॉलच्या दारात अचानक थोर झाले. तोपर्यंत ते एका खासगी ऑफिसात साधे क्लार्क होते. त्या दिवशी टाय लावलेल्या एका मुलीनं त्यांना थांबवलं आणि क्रेडिट कार्डाचा फॉर्म हातात दिला. या कार्डानं शंभर रुपयांची खरेदी केली, की बँक पंचवीस पैसे गरीब मुलींच्या शिक्षणाला देणार. "सर, तुम्ही खर्च करता आणि मुली शिकतात," असं ती म्हणाली. झालं! दाजींनी उभ्या उभ्या सही ठोकली.

तेव्हापासून दाजींनी स्वतःसाठी म्हणून काही घेतलंच नाही हो. बूट घेतले ते मुलींसाठी. भिंतभर टीव्ही आणला तोही मुलींसाठी. ऑफिसातली मंडळी शनिवारी बाहेर जेवायला गेली, की सगळ्यांचं बिल दाजी कार्डावर भरायचे आणि बाकीच्यांकडून रोख गोळा करायचे. ती रोख घरापर्यंत कधी पोचायची नाही, तो भाग वेगळा. मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढा त्याग बरा नाही, तब्येतीला जपा." तर हसून म्हणाले, "प्रिया, तुला समाजकार्य कळायचं नाही." मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवते. मला कुठलं कळायला!

पगाराचा विसावा हिस्सा समाजाला द्यायचा, हे आमच्याकडं लहानपणापासून कानावर पडलेलं. दाजी तो देतही होते, दर महिन्याला, न चुकता. खोटं कशाला बोलू? पण कार्ड आल्यावर आमच्या बुद्धविहाराचे खजिनदार सिद्रामकाका पावतीपुस्तक घेऊन दारात आले, तेव्हा दाजी म्हणाले, "काका, आता माझा हिस्सा कार्डातून आपोआप जातो. सगळं ऑनलाइन."

काकांनी पुस्तक मिटलं. "आन् विहाराचे पत्रे गळत्यात, ते बी ऑनलाइन येत्यात व्हय?"

दाजींनी काकांना चहा पाजला आणि विषय बदलला. पत्रे अजून गळतातच.

आता बिलाचं ऐका. कार्ड माझ्याकडंही आहे. खात्यात जेवढे असतील तेवढ्याचंच मी घेते आणि तारखेच्या आत सगळं बिल भरून टाकते, त्यामुळं बँकेला माझा काडीचा उपयोग नाही. दाजींवर मात्र बँकेचा भारी जीव. बिलावर दोन आकडे असतात: एक एकूण देणं, आणि दुसरा निदान एवढं तरी भरा म्हणून सांगणारा बारका आकडा. दाजी तो बारका भरायचे. "सवलत आहे ती," म्हणायचे, "बँकेला माणूस ओळखता येतो." उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले, तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दाजींना एकच लेक, प्रतिक्षा. यंदा तिचा नर्सिंगला नंबर लागला. पोरीनं त्यासाठी दोन वर्षं मान वर केली नव्हती. पहिला हप्ता चाळीस हजार, शनिवारी दुपारी एकच्या आत. नाही भरला तर जागा पुढच्या मुलीला जाणार. माझी बहीण, मीनाअक्का, आठवडाभर विचारत होती, "अवो, फीचं काय?" दाजींचं उत्तर ठरलेलं, "कार्ड आहे की!"

शनिवारी अकरा वाजता आम्ही चौघं कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहिलो. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी कार्ड पुढं केलं. मशीननं नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं.

"मशीन बिघडलंय वाटतं तुमचं," दाजी म्हणाले.

"आत्ता तिघींचं चाललं की साहेब," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

मागच्या रांगेतल्या मुली वाकून बघायला लागल्या. प्रतिक्षा फाइल छातीशी धरून उभी होती. तिच्या तोंडाकडं मला बघवेना. मी दाजींच्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि बँकेचं ॲप उघडायला लावलं. ऐंशी हजारांची मर्यादा, सगळी संपलेली. वर्षभरातलं व्याज आणि दंड, एकवीस हजार सहाशे. मुलींच्या शिक्षणाला गेलेले, तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी ते मोठ्यानं वाचलं. होय, मुद्दामच मोठ्यानं. लई राग आला होता मला.

अक्का ओरडली नाही. हळू म्हणाली, "तीनशे अठ्ठ्याऐंशीत कुणाची पोरगी शिकली, ते तरी इचारा की बँकेला. आपली हितं रांगंत उभी हाय."

दाजी भिंतीला टेकले. अक्का बाहेर जाऊन रिक्षात बसली.

अक्का शेंगाचटणी करून विकते. उखळात कुटून कुटून तिचा उजवा खांदा कामातून गेलाय, वेणी घालायलाही हात वर जात नाही. कांडप मशीन घ्यायचं म्हणून तिनं दोन वर्षं भिशी भरली होती. ती गेल्या महिन्यात लागली, पण पैसे तिनं शेजारच्या शमशादआपांकडेच ठेवले. घरात ठेवले असते, तर त्यांचंही समाजकार्य झालं असतं.

साडेबाराला अक्का परत आली. पदराखालून पिशवी काढून तिनं खिडकीत नोटा ठेवल्या. बाईंनी त्या मोजल्या, शिक्का मारला आणि पेन उघडलं. "पैसे भरणाऱ्याचं नाव?"

"ह्यांचंच घाला," अक्का सवयीनं म्हणाली. "सतीश..."

"नको." दाजी भिंत सोडून खिडकीपाशी आले. "मीना लिहा. मीना सतीश बनसोडे."

माझ्या जिभेवर एक चांगलं टोचणारं वाक्य तयार होतं. ते मी गिळलं. बाईंनी पावती फाडली आणि रिवाजाप्रमाणं दाजींपुढं धरली. दाजींनी हात मागं घेतला.

"तिला द्या," ते म्हणाले.