घट बसायच्या आधीची फवारणी

अन्याय झाला तो चांदा जिल्ह्यातल्या सावली गावाच्या पुढच्या, वैनगंगेकाठच्या एका धानाच्या गावातल्या बायकांवर. पंचावन्न साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. हिवतापाच्या फवारणीवर देखरेख करणारा निरीक्षक सायकलवर आला, दोन-चार घरांच्या भिंती दारातूनच पाहिल्या आणि वहीत लिहून मोकळा झाला: ‘स्त्रियांनी औषध पुसून टाकले. गाव असहकारी. पुढील फवारणीतून वगळावे.’ एकीलाही काही विचारलं नाही. पाणीसुद्धा प्यायला नाही.

मी तेव्हा नागपूरला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षात होते. आरोग्यशास्त्र म्हणजे आमच्याकडे कुणाच्या खिजगणतीत नसलेला विषय. विहिरीचं नि संडासाचं अंतर पाठ करा, पास व्हा. मीही तेच धरून चालले होते. मग प्राध्यापकांनी आम्हा सहा जणांना दसरा उलटताच पंधरा दिवसांसाठी त्याच गावात धाडलं आणि पहिल्याच सकाळी मला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. पोरांची रांग लावून बरगडीखाली पोट चाचपायचं, गुदगुल्यांनी ती लोळायची, आणि हसता हसता बोटांना लागायची टणक, हिवतापानं वाढलेली प्लीहा. एकाची, दुसऱ्याची, तिसऱ्याची! रोगी दवाखान्यात येतो तेव्हा एकटा असतो. इथं अख्खा गाव एकदम दिसत होता. हे शास्त्र आम्हाला पुस्तकात कोंडून का शिकवतात, याचा मला रागच आला.

पण गावात फवारणी होऊनही ताप होता. निरीक्षकाचा शेरा मी वाचला होता आणि, खरं सांगते, मला तो पटला होता. वसतिगृहात पत्रकं लिहून वाटणारी मी. हात शिवशिवत होते. लगेच लिहिलं: ‘भगिनींनो, अज्ञान सोडा! भिंती सारवणे बंद करा!’ ज्या घरी आमचा मुक्काम होता तिथल्या अंगणात ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्या घरची बाई सूप खाली ठेवून उठली. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना, आणि एकाआड एक दिवस हुडहुडी भरून ताप. आमच्या पेटीतल्या गोळ्या चालू होत्या, पण ती ज्या खोलीत निजायची तिथं सकाळी भिंतीवर डास बसलेले असत, शेपूट वर करून, तिरके. हिवतापाचेच.

‘झालं तुमचं?’ बाई म्हणाली. ‘आता माह्यं आयका, डाक्टरीनबाई. घरात घट बसते. त्याच्या आधी भिती नाई लिपाव का? पावसानं पोपडे निघाले रायते. देवीले अशा घरात बसवू?’

‘पण औषध—’

‘तुमचे पंपवाले घट बसायच्या तीन दिवस आधी आले! आमी माती कालवून बसलो होतो. त्याईले म्हटलं, भाऊ, आठ दिवसानं या. तं म्हणते, आमची तारीख हाये. आमची तारीख कोनं पुसली?’

‘मग दिवाळीला पुन्हा लिपणार?’

‘काऊन? भिती सालातून एकडाव. दिवाळीले ओटा न आंगन. एवढं बी म्हाईत नाई अन् कागद वाचून राह्यली!’

अंगणातल्या बायका हसल्या. मी पत्रक दुमडलं. मान खाली गेली होती आणि डोकं मात्र भणभणत होतं. भिंत वर्षातून एकदा! म्हणजे घट बसल्यावर फवारलं असतं तर औषध हिवाळाभर टिकलं असतं. एवढं सोपं!

पण निरीक्षकाला तोंडी सांगून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी काचेच्या नळीनं डास ओढून धरले. गोठ्याची भिंत फवारलेली होती, पण गोठा काही घटासाठी लिपत नाहीत, म्हणजे तिथलं औषध उघडंच होतं. काचेचा एक पेला गोठ्याच्या भिंतीवर उपडा धरला, दुसरा मुलीच्या खोलीतल्या. प्रत्येकात पाच-सहा डास. अर्धा तास हलायचं नाही. दुसरा पेला बाईनंच धरला.

‘इतकं शिकली अन् भित धरून उभी!’ ती आतून ओरडली.

‘हात हलवू नका, बाई!’

‘हात नाई हालत. हासू येते.’

मग दोन्ही पेल्यांवर जाळीचं फडकं बांधून ठेवलं. दुसऱ्या सकाळी पाहिलं. गोठ्यातले सगळे मेलेले. खोलीतले भुणभुणत होते! मी ओरडले. खरोखर ओरडले, शेजारची माणसं धावून आली. परीक्षेत पहिली आले असते तरी इतका आनंद झाला नसता.

तसेच ते पेले घेऊन आम्ही दोघी रेंगीत बसलो, बैल हाकत सावली गाठली. निरीक्षकाच्या टेबलावर पेले मांडले. त्यानं एकेक पेला उचलून उजेडात धरला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

‘वेळापत्रक वरून येतं, बाई. त्यात घट नसतात.’

‘मग वर कळवा.’

‘गाव तर यादीतून गेलं.’

बाई पुढं झाली. ‘भाऊ, यादीत तुमीच लिवलं नं? तं खोडा तुमीच. माही पोरगी त्या खोलीत निजते.’

तो उठला. औषधाची उरलेली पावडर होती. दोन दिवसांत पंप गावात आले, सगळी घरं झाली, मुलीची खोली सगळ्यांत आधी. बायकांनी स्वतः मडकी बाहेर काढून दिली. हेच ते असहकारी गाव! पुढच्या सकाळी मी नळी घेऊन त्या खोलीत गेले, तर जमिनीवर मेलेले डास. भिंतीवर एकही नाही. माघ लागला तेव्हा पत्र आलं, मुलगी नि बाळ दोघंही बरी.

पण वहीतला शेरा त्यानं खोडला नाही. वरिष्ठांची सही झाली होती म्हणे. औषध वर्षभर पुरत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत ते गाव नाही. माझ्या अहवालावर प्राध्यापकांनी ‘उत्तम’ लिहिलं. तो कपाटात आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. वाचून हळहळू नका. आज आपल्या गावातल्या बायकांना विचारा, घरं कधी लिपता? सांगतील ते कागदावर लिहा. फवारणीच्या कचेरीत जा, तो कागद साहेबासमोर ठेवा, आणि पंप त्यानंतरच येतील असं त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.