भावोजींची वॉर्निंग

आमच्या भावोजींइतका सावध माणूस रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्यालाही भावोजींनी वेळेवर सावध केलं असेल. स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागे उभं असताना ‘‘भटजी, समई धोतराला लागेल’’ असं सांगणारा नवरा मी तरी एकच पाहिला. भटजींनी मंगलाष्टक न थांबवता धोतर सावरलं आणि पलीकडून माझ्या ताईने कपाळाला हात लावला. घराच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ दिसलं की भावोजी तिथेच उभे. रोजच्या मासेवालीलाही सांगणार, ‘‘जपून गो, निसरडं आहे!’’ ती म्हणायची, ‘‘तुमच्या जन्माआधीपासून चढतंय मी हे.’’

अशा माणसाला पोटापाण्याचं कामही तसंच मिळालं. आमची जावास्क्रिप्टची एक छोटी लायब्ररी होती, म्हणजे इतर प्रोग्रामरनी वापरायचा तयार कोड. कुणी तो चुकीचा वापरला की वॉर्निंग निघे. ती पडद्यावर दाखवायची, फाइलमध्ये लिहायची की पुरती गप्प करायची, हे वापरणाऱ्याने आपलं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, देऊन ठरवायचं. भावोजी आणि मी त्यांच्या माडीवर बसून याच्या चाचण्या लिहायचो. खोटं फंक्शन बसवायचं, मुद्दाम चूक करायची, वॉर्निंग शब्दन्‌शब्द पोचली का ते बघायचं आणि उठताना मूळ फंक्शन परत जागेवर ठेवायचं. चाचणीतल्या वॉर्निंगसुद्धा भावोजी खऱ्याखुऱ्या लिहीत: ‘फणस डोक्यात पडेल’, ‘विहिरीचा रहाट सैल आहे’. मी हसलो की म्हणत, ‘‘मेल्या, खोटी भीती कुणी मनावर घेत नाय.’’

एकदा मात्र मूळ फंक्शन परत ठेवायला तेच विसरले. पुढच्या सगळ्या वॉर्निंग त्या खोट्या फंक्शनच्या पोटात गडप, चाचण्या हिरव्यागार, म्हणजे सगळ्या पास, लायब्ररी एकदम शहाणी. आठवड्याने मला ते सापडलं तेव्हा भावोजी जेवायला खाली उतरेनात. ताईने हाक मारली तर म्हणाले, ‘‘आठवडाभर ओरडत होती गं बिचारी, आणि मला ऐकू आलं नाही.’’ ताई मांजर शोधायला परसात गेली.

गेल्या वर्षी दोघं जर्मनीला गेली. तिथे भावोजी बोलेनासेच झालेत, असं ताई सांगते. तिकडे म्हणे प्रत्येक पायरीवर आधीच पाटी लावलेली असते. परवा आमच्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून ती वॉर्निंगची सोयच काढायचं ठरलं. म्हणजे भावोजींच्या सगळ्या चाचण्याही जाणार. माझा हात धजेना. मी फोन केला तो खरं तर त्यांनी माझ्यावर ओरडावं म्हणून.

‘‘काढ,’’ ते म्हणाले. ‘‘तुला योग्य वाटेल तसं कर.’’

एवढंच. मी फोन धरून थांबलो. काहीतरी मोडेल, कुणीतरी पस्तावेल, तूच पस्तावशील, असं एखादं तरी वाक्य येईल म्हणून थांबलो. आलं नाही. माडीवरचे ते भावोजी मला हवे होते.

शेवटी मीच म्हणालो, ‘‘भावोजी, तिकडे बर्फ पडलाय ना? सांभाळून चाला. घसराल.’’

 ते हलकेच म्हणाले, ‘‘पुन्हा सांग रे.’’